लाल दिव्यावरची पट्टी

भिलाईत एका रेल्वे स्टेशनचं नावच ‘भिलाई पॉवर हाऊस’ आहे. पोस्टिंग ऑर्डर आली तेव्हा नकाशावर ते नाव वाचून बायको म्हणाली, “चला, निदान लाईटीची तरी चिंता नाही.” इन्फंट्रीत वीस वर्षं काढून, डोंगर आणि वाळवंट दोन्ही पाहून, आता मी एनसीसीच्या बटालियनवर आलो होतो. शांत शहर, मुलीला शाळा, आणि पहिल्यांदाच आबाही आमच्याबरोबर राहायला आलेले. आई गेल्यापासून गावात एकटेच होते.

फौजी कुटुंबाचा संसार काळ्या पेट्यांत असतो, हे वाचकांना सांगायला नको. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा, युनिट. जुनं युनिट खोडून नवं लिहिलेलं. आमच्याकडे अशा एकवीस पेट्या. त्यातली शेवटची दोन खोकी माझी असतात आणि ती मीच उघडतो. एकात अॅम्प्लिफायर आणि कॅसेट डेक, दुसऱ्यात स्पीकर, जुन्या चादरींत गुंडाळलेले. घराच्या दिवाणखान्यात त्यातून पहिलं गाणं वाजलं की माझ्यापुरतं पोस्टिंग सुरू होतं.

या वेळी आणखी एक काम ठरवलं होतं. आबांच्या ट्रंकेत चार कॅसेट आहेत. १९८७ मध्ये ते लडाखला होते, आणि मी गावात, पहिलीत. पत्र लिहायला आईला अवघड जायचं, म्हणून ती टू-इन-वनवर बोलून कॅसेट भरायची आणि सुट्टीवरून परत जाणाऱ्या कुणाकडे तरी द्यायची. त्या कॅसेट आता लॅपटॉपवर उतरवून ठेवायच्या होत्या. फीत जुनी होत चालली आहे, आणि आईचा आवाज दुसरीकडे कुठे नाही.

आम्ही नेहरू नगरात भाड्याने घर घेतलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पावसाच्या आधीचं वादळ आलं. छत्तीसगडची वीज कशी पडते ते त्या रात्री कळलं. एक पांढरा लोळ, लगेच धडाका, दिवे गेले. दिवे आले तेव्हा सेट-टॉप बॉक्स मेलेला होता आणि टीव्हीचं एक एचडीएमआय पोर्ट गेलं होतं. अॅम्प्लिफायर वाचला, कारण त्याचा प्लग मी योगायोगाने काढून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मी हिशेब मांडला. टीव्ही सव्वाशे वॅट, अॅम्प्लिफायर जास्तीत जास्त चारशे, सबवूफर दोनशे, डेक आणि बॉक्स मिळून चाळीस. साडेसातशेच्या आसपास. दुप्पट हात राखून २ केव्हीएचा पॉवर कंडिशनर मागवला. ज्यांना हे यंत्र ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साधा स्टॅबिलायझर फक्त व्होल्टेज सांभाळतो. कंडिशनर तीन कामं करतो. व्होल्टेज २३० च्या आसपास धरून ठेवतो. मिक्सर, पंपाची मोटर, स्वस्त चार्जर यांनी लाईनवर टाकलेला कचरा कॉइल आणि कपॅसिटर लावून गाळतो. आणि वीज पडल्यावर येणारा उसळता झटका व्हॅरिस्टर नावाच्या छोट्या चकत्यांमधून दुसरीकडे वळवतो. शौकीन मंडळी म्हणतात की त्याने गाण्याचा आवाजही खुलतो. मला तरी काही फरक ऐकू आला नाही. चांगल्या अॅम्प्लिफायरच्या आत एसीचं डीसी होताना बरीचशी सफाई होतेच. कंडिशनर घ्यायचा तो संरक्षणासाठी.

यंत्र आलं. जड, काळं, पुढे आकड्यांचा पडदा. संध्याकाळी पडद्यावर आत येणारे २०८ आणि बाहेर जाणारे २३० दिसले. मध्यरात्री आत २४४, बाहेर २३०. मी खूश. आकड्यांच्या शेजारी एक छोटा लाल दिवा लागलेला होता. मला वाटलं, यंत्र चालू असल्याची खूण असेल. सिनेमा पाहताना अंधारात तो डोळ्यांत खुपायचा, म्हणून मी त्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली. माहितीपुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतून काढलीच नव्हती.

तीन-चार दिवस सगळं ठीक होतं. फक्त स्पीकरमधून एक बारीक ‘घुं’ यायला लागली होती. रविवारी सकाळी फरशी नुकतीच पुसलेली. मुलगी अनवाणी आली, अॅम्प्लिफायरचं बटण दाबलं आणि हात झटकून मागे सरली.

“बाबा, हा चावतो!”

मी हात लावून पाहिला. पायात चप्पल होती, काही लागलं नाही. “स्थिर वीज असेल,” म्हणालो. आबा खुर्चीतून उठले, चप्पल काढली, ओल्या फरशीवर उभे राहिले आणि मागच्या बाजूने बोटांनी पेटीला स्पर्श केला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “झिणझिण्या येत्यात. पोरगी खोटं बोलत न्हाई.”

समोरच्या घरात एक काका राहतात. मूळचे नागपूरचे, सारी नोकरी भिलाईच्या कारखान्यात इलेक्ट्रिकलमध्ये झालेली. ज्या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, ज्याचे रूळ देशभर अंथरलेले आहेत, त्याच कारखान्याने देशभरातून माणसं इथे आणली. त्यामुळे या शहरात कोणत्याही भाषेचा माणूस चार घरांच्या आत सापडतो, आणि त्यातला एखादा तरी फिटर किंवा वायरमन निघतो. काकांना बोलावलं. ते एका होल्डरमध्ये शंभर वॅटचा बल्ब आणि त्याला दोन वायरी, एवढंच घेऊन आले. माझ्याकडचा मल्टिमीटर त्यांनी नंतर मागितला.

आधी त्यांनी कंडिशनरकडे पाहिलं.

“साहेब, या दिव्यावर पट्टी काहून मारली जी?”

“डोळ्यांवर येतो काका.”

काकांनी टेप सोलून काढली. दिव्याखाली बारीक इंग्रजी अक्षरं होती. त्यांचा अर्थ सरळ होता: वायरिंगमध्ये दोष.

“तो डोळ्यांवर यायलेच बनवला आहे,” काका म्हणाले.

मग बल्ब. एक वायर फेजला, दुसरी न्यूट्रलला: लख्ख उजेड. दुसरी वायर काढून अर्थच्या भोकात घातली: बल्ब विझलेला. जरासुद्धा लाल झाला नाही. मीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२६. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ११२. नीट अर्थ असलेल्या घरात हा दुसरा आकडा दोन-तीन व्होल्टच्या आत असावा लागतो. काकांनी स्विचबोर्ड उघडला. तिसऱ्या भोकामागे हिरवी वायर होती, भिंतीत शिरतही होती, पण मीटरपाशी जाऊन नुसतीच संपत होती. जमिनीला कुठेही पोचत नव्हती. घर बांधणाऱ्याने तीन भोकांचे सॉकेट लावले होते, अर्थ लावला नव्हता.

पुढचं काकांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो, कारण हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं किंवा मी ऐकलं नव्हतं. कंडिशनरमधला फिल्टर कचरा गाळतो तो टाकायचा कुठे? छोट्या कपॅसिटरमधून अर्थमध्ये. अर्थ असेल तर तो जमिनीत निघून जातो. अर्थ नसेल तर फेज आणि न्यूट्रल यांच्या मधोमध लटकलेलं व्होल्टेज, म्हणजे साधारण निम्मं, अर्थच्या वायरीवर आणि तिथून जोडलेल्या प्रत्येक यंत्राच्या लोखंडी अंगावर येऊन बसतं. त्यामागे करंट फार थोडा असतो, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण उद्या एखादी फेजची वायर आतून सुटून त्या अंगाला टेकली, तर करंटला जायला वाट नाही, फ्यूज उडणार नाही, आणि अंग पूर्ण २३० वर उभं राहील. कुणी हात लावायची वाट बघत. शिवाय विजेचा झटका वळवणाऱ्या चकत्या तो अर्थकडेच वळवतात. अर्थ नसताना फेज आणि न्यूट्रलमधली चकती काम करते, बाकीच्या नुसत्या शोभेच्या.

थोडक्यात, मी वीस हजारांचं संरक्षण आणून घर आधीपेक्षा धोक्याचं केलं होतं. आणि ते यंत्र पहिल्या मिनिटापासून मला सांगत होतं.

हे लिहायला लाज वाटते, कारण त्याच आठवड्यात मी कॅडेटना फायरिंगची खबरदारी शिकवत होतो. रेंजवर लाल झेंडा का असतो, तो पाहिल्यावर काय करायचं, हे सोळा वर्षांच्या मुलांकडून घोकून घेत होतो. कुणी झेंड्यावर चादर टाकली असती, कारण तो डोळ्यांत खुपतो, तर मी त्याला रेंजवरून हाकलून दिलं असतं.

मला वाटतं, कारण सवयीचं आहे. आयुष्यभर सरकारी क्वार्टरमध्ये राहिलो. वायरिंग, अर्थ, टाकी, हे सगळं एमईएसचं. तक्रार रजिस्टरमध्ये नोंद करायची, माणूस येतो. भिंतीच्या आत काय आहे ते पाहायची गरज पडली नाही, म्हणून भिंतीच्या आत काही असतं हेच विसरलो.

घरमालकांशी बोललो. त्यांनी परवानगी दिली, खर्च निम्मा-निम्मा. परवानाधारक वायरमन आला, काका खुर्ची टाकून बसले, आबा फावडं घेऊन. “मोर्चा खोदल्यावानी खोदा,” असं दोन मजुरांना मराठीतच सांगत होते, आणि त्यांना कळतही होतं. मुरमाची जमीन, अडीच मीटर खोल खड्डा, त्यात भोकं पाडलेला जस्ताचा पाईप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला नरसाळं आणि सिमेंटची चौकट. तिथून जाड पट्टी मेन बोर्डापर्यंत, आणि बोर्डातून प्रत्येक सॉकेटपर्यंत खरी हिरवी वायर.

काकांनी पुन्हा बल्ब लावला. फेज आणि अर्थ: लख्ख. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटरवर दीड व्होल्ट. लाल दिवा विझला.

“झालं?” मी विचारलं.

“अर्धं झालं जी.” काकांनी हिशेब सांगितला. खड्ड्याचा रोध पाच ओहम धरला, तरी दोष झाल्यावर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअरच वाहणार. मेनचा ३२ अँपिअरचा एमसीबी तेवढ्यावर लगेच पडेलच असं नाही. म्हणून ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवा. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत तेवढा फरक पडला की तो डोळ्याची पापणी लवायच्या आत लाईन तोडतो. सुपेल्याच्या बाजारातून तो आणला, बसवला. त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. ही ड्यूटी मुलीने मागून घेतली. पहिल्या तारखेला ती सगळ्यांना ओरडून सांगते आणि घर अंधारात टाकते.

स्पीकरमधली घुं तरीही थोडी उरली. एकेक केबल काढत गेलो. डिशची केबल काढली की बंद. गच्चीवरची डिश लोखंडी रेलिंगला, रेलिंग इमारतीच्या सळ्यांना, म्हणजे यंत्रांना जमिनीकडे जायला दोन वाटा झाल्या होत्या, आणि दोन वाटांच्या वेढ्यात घुं फिरत होती. डिशची केबलही त्याच एका अर्थला जोडली, कंडिशनरमधून आत घेतली. शांत झालं. अशा वेळी पुष्कळ जण प्लगची अर्थ पिन तोडतात. आवाज जातो, हे खरं. पण आमच्या घरी काय झालं असतं ते वर लिहिलंच आहे.

मग एका संध्याकाळी कॅसेट लावली. आबा समोर बसले. पुन्हा घुं!

मी उठलो, केबल तपासायला लागलो. डेक थांबवला तर घुं बंद. चालू केला की सुरू. म्हणजे ती आमच्या घरातली नव्हतीच. फितीत होती. तेवढ्यात आई बोलली. सदतीस वर्षांची जुनी फीत, पण समोर बसल्यासारखं:

“सेल संपल्यात, म्हून लाईटीवर लावलाय. लाईट गेली तर तेवढंच समजा.”

पुढे माझी शाळा, म्हशीचं दूध, आजीचा गुडघा, चुलत्यांच्या विहिरीचं पाणी. मागे सारखी ती घुं. शेवटी एका वाक्याच्या मध्येच आवाज एकदम पातळ आणि भरभर होत तुटतो. लहानपणी मी हसायचो त्याला. आता कळतं, लाईट जाताना टू-इन-वनची मोटर मंदावली होती, आणि मंद चाकावर भरलेला आवाज नीट चाकावर असा पळतो. तेवढंच समजायचं होतं.

लॅपटॉपवर ती घुं काढून टाकायची सोय आहे. मी आबांना विचारलं, “काढू का?”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तिकडं बंकरात सेलवर ऐकायचो. रोज. ह्यो आवाज आला की कळायचं, गावात लाईट हाय.”

दोन्ही प्रती ठेवल्या आहेत. आबा घुंवालीच ऐकतात.

निवृत्त होऊन स्वतःच्या घरी गेलेल्या, किंवा जाऊ घातलेल्या वाचकांना एक विनंती. नवा टीव्ही, गीझर, कंडिशनर, काहीही घेण्याआधी एका जाणत्या वायरमनला बोलवा आणि घराचा अर्थ तपासून घ्या. आरसीसीबी नसेल तर बसवा. एमईएसचं रजिस्टर आता नाही. आणि कुठल्याही यंत्रावर लाल दिवा दिसला, तर टेप शोधण्याआधी खालची अक्षरं वाचा.

जय हिंद.