पहिलीच्या आधी

७ एप्रिल, सोमवार
झेडपीच्या शाळेत ‘पहिले पाऊल’चा मेळावा. जूनमध्ये पहिलीत बसणारी पोरं एकेका टेबलापुढे. उड्या मारणं, रंग-आकार ओळखणं, चित्र बघून बोलणं, वस्तू मोजणं. प्रत्येक ठिकाणी विकासपत्रावर खूण. बोलण्यात आमची अंगणवाडी पुढे. चित्रातला बैल बघून एकाने मामाच्या बैलाची अख्खी हकिगत सुरू केली. शेवटी गुरुजींनीच हात जोडले. कागदाची घडी घालताना मात्र बोटं अडखळली. सुट्टी लागण्याआधी मातीकाम आणि फाडकाम वाढवायला हवं.

८ एप्रिल
एका पोराचे वडील गाडीवरून न उतरताच, “ताई, लिहायला कधी शिकवणार? केजीतली पोरं शंभरपर्यंत लिहितात.” म्हटलं, दोन मिनिटं आत या. त्यांच्या लेकाला चिंचोक्यांच्या ढिगातून सात काढायला सांगितले. पोरगं वीसपर्यंत घडाघडा म्हणतं, पण तोंड पुढे, बोट मागे. दिले पाच. मग एकेक चिंचोका बाजूला सरकवत मोजायला लावलं. तिसऱ्या खेपेला बरोबर सात. वडील काही बोलले नाहीत, गाडी मात्र बंद केली होती.

माती न मळता येणाऱ्या हातात पेन्सिल कोंबली की अक्षर येत नाही, रडू येतं. हे पटवायला पोरांपेक्षा पालकांनाच जास्त वेळ लागतो.

१० एप्रिल
रेंज नाही. पोषण ट्रॅकर भरण्यात सकाळ गेली. गोष्ट राहिली.

११ एप्रिल
बैठक. २०२०च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा. कागदावर ठीक, पण मी महिला व बालविकासची, गुरुजी शिक्षण खात्याचे. आमची गाठ मेळाव्यापुरती. बैठकीत बसल्या बसल्या आठवलं, तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला आदिवासी पोरांत. परिसरातली पानं, बिया, खडे हेच त्यांचं साहित्य. आम्हाला अजून साहित्य-संचाची वाट बघावी लागते, याचं नवल वाटतं.

१५ एप्रिल
माता गट. बियाण्यासाठी शेंगा फोडायच्या दिवसांत बायका येतील का, धाकधूक होती. शेंगा घेऊनच आल्या. पोरांना फोडायला बसवलं. टरफलं एकीकडे, दाणे एकीकडे, मग दहा-दहाचे ढीग. एक जण म्हणाली, “हे तर घरचंच काम.” म्हटलं, घरी करताना मोजून घ्या, आणि पोरगं बोलत असेल तर बोलू द्या.

धड कात्र्या दोनच उरल्यात. पर्यवेक्षिकाबाईंना पुन्हा सांगायचं.