दुसरी ओळ

वकिलाची पहिली फी मी भरली ती साड्यांना फॉल लावून साठलेल्या पैशांतून. ते पैसे माझे नव्हते. संत तुकाराम नगरात आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मावशींचे होते.

मावशी परभणीकडच्या. बहात्तरच्या दुष्काळात नवऱ्यामागोमाग पिंपरीला आल्या. नवरा भोसरीला एमआयडीसीत लेथवर लागला. माणूस हात उगारणारा नव्हता, पिणंही बेताचं. फक्त घरात बोलायचा नाही. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाइट. भरलेला डबा न्यायचा, रिकामा आणून मोरीत ठेवायचा. पुढंपुढं तर पगाराच्या दिवशीच दिसायला लागला. चाकणला त्याचं दुसरं बिऱ्हाड आहे हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं, पण मावशींच्या तोंडून ते कुणी कधी ऐकलं नाही.

म्हणजे सरळ शब्दांत ऐकलं नाही. मशीनवर बसल्या की त्या सीतेच्या ओव्या म्हणायच्या. जातं गावीच राहिलं, इथं दळण गिरणीतून यायचं. म्हणून जात्यावरची चाल पायमशीनवर आली. फॉलची खालची कड मशीनवर मारताना ओवी चालायची, वरची कड हातानं टाचताना नुसते ओठ हलायचे. मधेच बॉबिनचा दोरा संपला की ओवी तिथंच थांबायची. बॉबिन भरायची, दोरा दातानं तोडायचा, आणि नेमक्या त्याच शब्दापासून पुढं.

त्या ओव्यांत राम जवळजवळ नव्हताच. वनात टाकलेली सीता होती, तिचं रडणं ऐकून समजूत घालणाऱ्या बोरी-बाभळी होत्या, आडरानातलं बाळंतपण होतं. बोरी-बाभळी परंपरेतल्याच. पण भोंगा झाला की निघून जाणारा आणि घरी आल्यावर गप्प बसणारा राम मावशींनी स्वतः घातलेला. आम्हा पोरांना वाटायचं, रामायण चाललंय.

खूप पुढं, नोकरीच्या दिवसांत, टॅमी वायनेटचं १९६८ सालचं एक अमेरिकन कंट्री गाणं कानावर पडलं. त्यातली आई ‘घटस्फोट’ या शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून म्हणते. चार वर्षांच्या लेकराला कळू नये म्हणून. मला हसू आलं. अक्षरं कसली सोडवतेस बाई, आमच्या मावशींनी अख्खी सीता पुढं केली होती.

तुकोबांच्या नावाच्या नगरात राहण्याचंही त्यांना कौतुक नव्हतं. भंडाऱ्यावर भाकरी घेऊन चढणारी आवली त्यांना जवळची. “ज्याच्या नावाचं नगर हाय, त्याची बायको तरी कुठं सुखात होती? पर तिला निदान इठ्ठलाला शिव्या तरी देता येत होत्या,” म्हणायच्या. तुकोबांवर इतकं नेमकं बोलणं मी आचार्य अत्रे रंगमंदिरातल्या कुठल्याच व्याख्यानात ऐकलं नाही.

माझं लग्न मोडायला आलं तेव्हा मी माहेरी परतले. आई रडायची, काका ‘थोडं सोसायचं असतं’ म्हणायचे, जिन्यातल्या बायका आवाज उतरवून विचारपूस करायच्या. मावशींनी काहीच विचारलं नाही. खाली बोलावून मांडीवर एक साडी टाकली, “टाच” म्हणाल्या, आणि पहिली ओळ म्हणून थांबल्या. जात्यावर दोघी बसल्या की एकीनं उचललेली ओवी दुसरीनं पुढं न्यायची असते. मी गप्प. त्यांनी पुन्हा तीच ओळ म्हटली. मग पुन्हा. पायडल चालूच. शेवटी मी काहीतरी बोलले. ते ना चालीत बसत होतं, ना त्यात कुठं सीता होती. सरळ माझ्याच घरातलं, माझ्याच नवऱ्याचं. मावशींनी त्यातले दोन शब्द मागंपुढं केले, चालीत बसवलं, म्हणून दाखवलं आणि म्हणाल्या, “हां. आता वकिलाला असंच सांग.”

निघताना बटणांच्या डब्याच्या तळातून नोटा काढून हातात कोंबल्या. त्यांनी स्वतः कधी वकील केला नाही. का, ते मी विचारलं नाही आणि आता विचारणारही नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. २०१७पासून ‘पारी’ या संकेतस्थळानं त्या इंटरनेटवर आणल्या. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा १९९६मध्ये ध्वनिमुद्रित केलेला आवाज मी संत तुकाराम नगर ते दापोडी या मेट्रोच्या प्रवासात पहिल्यांदा ऐकला. तीच सीता, त्याच बोरी-बाभळी. संग्रह मोठाच आहे. पण जातं गावी ठेवून कंपन्यांच्या वस्तीत आलेल्या बायकांची ओवी कुठल्या शिलाई मशीनवर, कुठल्या मोरीत चालू राहिली, ते शोधायला कुणीतरी इकडंही फिरायला हवं होतं.

मावशी आता लेकाकडं मोशीला असतात. फोन घेऊन गेले, गंगूबाई ऐकवल्या. डोळे मिटून दोन-तीन ओव्या ऐकल्या. “आमच्याच तिकडची बाई हाय. गळा लई गोड. पर आमच्यात ही ओवी अशी न्हाई म्हणत,” म्हणून त्यांनी दुरुस्ती सुरू केली. तुमचं मी रेकॉर्ड करते म्हटल्यावर स्वयंपाकघराकडं बघत हळूच म्हणाल्या, “नको गं, सून ऐकंल.” फीच्या पैशांचा विषय काढला तर म्हणाल्या, “कोणचे पैसे?” आणि पुढची ओळ उचलून माझ्याकडं बघत थांबल्या.