जूनमधली कोरी भिंत

जून लागला की गावोगावच्या जिल्हा परिषद शाळा कात टाकतात. कौलं फेरली जातात, फळ्याला काळा रंग बसतो आणि व्हरांड्यापासून वर्गापर्यंत भिंती बोलक्या होतात: बाराखडी, पाढे, ऋतू, ग्रहमाला, महिन्यांची नावं. शाळा उघडते त्या दिवशी प्रवेशोत्सव असतो. दाराला तोरण, पाहुण्यांच्या हाती फुलं, कुठे बैलगाडीतून नव्या मुलांची मिरवणूक. यामागची माया खरी आहे. कितीतरी शिक्षक त्यासाठी स्वतःच्या खिशाला चाट लावतात. तरीही मला मनापासून वाटतं, की पहिलीच्या वर्गातली निदान एक मोठी भिंत जूनमध्ये कोरी असावी. पुढच्या काही आठवड्यांत ती मुलांच्याच बोलण्यानं भरत जावी, आणि पहिलीचं पहिलं वाचन त्या भिंतीवर व्हावं.

गजबजलेली भिंत शिकण्याच्या आड येऊ शकते. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 साली बालवर्गातल्या 24 मुलांना विज्ञानाचे छोटे पाठ दिले. काही चित्रांनी भरलेल्या खोलीत, काही साध्या खोलीत. भरलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त वेळा उडालं आणि शिकणंही कमी झालं. प्रयोग लहान होता, त्यावरून सगळे तक्ते उतरवायचं कारण नाही. पण माझा आक्षेप लक्ष उडण्यापेक्षा पुढचा आहे. आधीच भरलेल्या भिंतीत मुलाला आपलं असं काही सापडत नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर प्रत्येक मुलाला त्याचा आजचा शब्द विचारत, तो कार्डावर लिहून त्याच्या हाती देत आणि वाचनाची सुरुवात तिथून करत. मुलाच्या भीतीचे आणि प्रेमाचे शब्द त्याला पटकन वाचता येतात, हा त्यांचा अनुभव होता. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्या बालवाडी त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. मूल जिथे आहे तिथून आरंभ करायचा, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही.

आरंभ नावापासून व्हावा. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर मोठ्या अक्षरात मुलांची नावं लिहून ती टोपलीत ठेवायची. आल्यावर ज्यानं त्यानं आपली पट्टी शोधून दोरीवर अडकवायची, हीच हजेरी. चार-सहा दिवसांत 'सानिका'ला 'साहिल'च्या पट्टीत आपला 'सा' दिसतो, आणि अक्षरओळख कुणी न शिकवता सुरू होते. मग बोलणं. हे पावसाचे, पेरणीचे दिवस. मुलांच्या पोटात बातम्या मावत नाहीत. शेळी व्याली, ओढ्याला पाणी आलं, आजीच्या घरात गळतंय, बाप बियाणं आणायला गेला. रोज दोघा-तिघांचं एकेक वाक्य बाईंनी कागदावर, मूल बोललं तस्संच लिहावं, खाली त्याचं नाव आणि त्यानंच काढलेलं चित्र. 'वढ्याला पाणी आलंय' असं मूल म्हणालं तर 'वढ्याला'च लिहावं. शुद्धलेखन बिघडेल, असं कुणी म्हणेल. पण तोंडातून निघालेला आवाज आणि डोळ्यांपुढचं अक्षर जुळणं ही वाचनाची पहिली गाठ आहे. ती बसली की पुस्तकातला 'ओढा' शेजारी मांडता येतो.

खरी अडचण वेळेची, असं शिक्षक सांगतात, आणि ते खोटं नाही. शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिकला वर्षाला 200 दिवस आणि 800 तास ठरवले आहेत, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. साठपर्यंत पटाला शिक्षक दोनच. एका खोलीत दोन-दोन इयत्ता. पण पहिलीसाठी तीन महिन्यांचा खेळावर आधारलेला 'विद्याप्रवेश' कार्यक्रम एनसीईआरटीनंच 2021 मध्ये दिला आहे. दोन-तीन आठवड्यांची मोकळीक मागणं त्यापुढे फार नाही. मेळघाटात कोरकू बोलणारं मूल आणि मराठी बोलणाऱ्या बाई समोरासमोर येतात, तिथे मुलाचं बोलणं लिहून घेणं जास्त कठीण आहे. तिथे त्याच खोलीतली तिसरी-चौथीची मुलं दुभाषी होतात. कोरकू वाक्य देवनागरीत उतरवताना बाई अडखळल्या, तर मुलांनी त्यांना दुरुस्त करावं. शाळेत आपल्यालाही काही येतं, हे त्या मुलांना पहिल्यांदा कळेल. पालकांना मात्र वहीत ओळी दिसायला हव्या असतात, आणि फी भरून इंग्रजी शाळेत घालण्याची वाट शेजारीच आहे. म्हणून भिंत त्यांनाही दाखवावी. आपल्या घरातल्या शेळीची बातमी आपल्या मुलीच्या नावासकट शाळेत लागली आहे, हे पाहणारी आई वहीतल्या ओळींसाठी थोडी थांबेल.

राहता राहिली चाचणी. शाळा उघडल्या उघडल्या मुलाला काय येतं हे मोजायची घाई करू नये. ज्या मुलानं अजून तोंड उघडलेलं नाही, त्याच्या कोऱ्या उत्तरातून त्याला येत नाही की तो बुजलाय, हे कळत नाही. जुलैपर्यंत भिंतीवर कुणाची वाक्यं आहेत आणि कुणाचं एकही नाही, हे बाईंच्या समोर असेल. ज्यांचं एकही नाही, त्यांच्याजवळ आधी बसावं. प्रश्नपत्रिका त्यानंतर काढावी.