सांधा कोठे?

समासाचा विग्रह फळ्यावर मांडला की आपले काम संपले, असे मी अनेक वर्षे मानीत आले. डच भाषा शिकू लागले तेव्हा या समजुतीला प्रथम तडा गेला.

डचमध्ये सामासिक शब्द बहुधा सलग लिहितात. सांधा वाचकाने ओळखावयाचा. 'क्वार्टस्लाखन' हा शब्द 'क्वार्ट-स्लाखन' असा फोडला तर पाव वळसे, 'क्वार्टस-लाखन' असा फोडला तर स्फटिकाचे थर. मुख्य आघात दोन्ही अर्थी पहिल्याच पदावर. बदलतो तो अक्षरविभाग. याउलट 'फोरकोमन' या क्रियापदात विभाग तोच राहतो; आघात पहिल्या अक्षरावर असता 'आढळणे' आणि दुसऱ्यावर असता 'टाळणे' असा अर्थ होतो. आघाताने अर्थ पालटतो हे आपल्या परंपरेला नवे नाही. 'इंद्रशत्रु' या शब्दातील स्वर चुकल्याने यजमानाचाच घात झाला, हा दाखला पतंजलींनी महाभाष्यात दिलाच आहे.

वर्गात मोठ्याने वाचताना मी एका शब्दाचा 'मासा-खबेट', म्हणजे सामुदायिक प्रार्थना, असा उच्चार केला. उतारा अंगमर्दनाविषयी होता. शब्द होता 'मसाझ-बेट', म्हणजे मर्दनाचा पलंग. अक्षरे तीच, परंतु सांधा सरकताच आघातही सरकला आणि एका व्यंजनाचा उच्चारही बदलला. वर्ग हसला. माझी चूक मात्र अज्ञानातून आली नव्हती. प्रार्थनेचा शब्द मी आदल्याच दिवशी शिकले होते.

त्या क्षणी मला माझा एक विद्यार्थी आठवला. 'नवरसिक' हा शब्द त्याने 'नवरस-इक' असा वाचला होता. मी त्याला थांबवून, "अर्थ न कळता वाचू नये," असे म्हटले होते. वस्तुतः नऊ रस मीच त्याला आदल्या आठवड्यात शिकविले होते. त्यांच्याच आधाराने तो सांधा शोधीत होता. त्यानंतर वर्षभर तो वाचनासाठी उभा राहिला नाही.

मराठीत आघाताने सहसा अर्थभेद होत नाही. परंतु 'देवघर' म्हणताना 'देव' या पदाचा अंत्य अकार गळतो, तो सांध्याच्या जागीच. लिपी हे दाखवीत नाही, कान दाखवितो. म्हणून आता मी विग्रहाआधी शब्द मोठ्याने वाचून घेते आणि कोणी चुकल्यास प्रथम विचारते, "हा सांधा तुम्हांला येथे का वाटला?" उत्तर बहुतेक वेळा ऐकण्यासारखे असते.