दोन नेमणुकांच्या मधले दिवस

नेवासा, सोमवार, 22 सप्टेंबर 2025

सकाळी आईने घट बसवले. दुपारी विम्याचे काका येऊन गेले. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी आजपासून उठला. मूळ हप्ता 14,000 रुपये धरला तर 2,520 रुपये वाचतात. फेलोशिप बंद असताना ही रक्कम मोठी आहे. पुण्यातल्या प्रोजेक्टवरची माझी नेमणूक 31 ऑगस्टला संपली, पुढच्या संस्थेत 3 नोव्हेंबरला रुजू व्हायचं आहे. तोवर मुक्काम घरीच.

आई म्हणाली, "नव्या जागी मिळेलच की विमा, मग हा कशाला भरायचा?" काकांनी समजावलं, "वहिनी, ताईंना लहानपणापासून दमा आहे. आधीपासूनच्या आजाराला विमा लागू व्हायला तीन वर्षं थांबावं लागतं. ती त्यांनी काढलीत. पॉलिसी तुटली तर पुन्हा पहिल्यापासून."

2024 पर्यंत हे थांबणं चार वर्षांपर्यंतचं असे. विमा नियामक प्राधिकरणाने ते जास्तीत जास्त 36 महिन्यांवर आणलं. पॉलिसी सलग 60 महिने चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला जुनी माहिती उकरून क्लेम नाकारता येत नाही. पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधकाची, नेमणूक मात्र वर्षाची, फार तर दोन-तीन वर्षांची. फक्त संस्थेच्या विम्यावर भिस्त ठेवणारा संशोधक प्रत्येक नेमणूक संपताना उघडा पडतो. म्हणून पीएचडीला लागले तेव्हाच मी स्वतःची पॉलिसी काढली. हप्ता आजच भरला.

बुधवार, 24 सप्टेंबर

केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे फेलोशिपचे आदेश रात्री पुन्हा नीट वाचले. 2019 मध्ये रिसर्च असोसिएटच्या पहिल्या पायरीला महिना 47,000 रुपये ठरले. 1 जानेवारी 2023 पासून ते 58,000 झाले. दुसऱ्या पायरीला 61,000, तिसरीला 67,000, वर घरभाडे भत्ता. 2019 च्या वाढीमागे देशभरातल्या संशोधकांचं आंदोलन होतं, हे आम्ही कुणी विसरलेलो नाही.

रकमेबद्दल आदेश स्पष्ट आहेत. आजारपणाबद्दल मात्र एवढंच, की प्रोजेक्ट ज्या संस्थेत चालतो तिथे जे वैद्यकीय लाभ लागू असतील ते मिळतील. बोनस, ग्रॅच्युइटी, प्रवास सवलत नाही. म्हणजे एकाच आदेशाखाली नेमलेल्या दोघींपैकी एकीला आवारात रुग्णालय आणि गट विमा मिळू शकतो, आणि दुसरीला ताप आला तर तिने खिशात हात घालायचा.

कामगार राज्य विमा योजनेची वेतनमर्यादा 21,000 रुपये आहे, त्यामुळे ती आमच्यासाठी नाही. कायम नोकरदारांची वैद्यकीय प्रतिपूर्ती आहे, पण आम्ही तात्पुरते. गरिबासाठीची योजना आमच्या खाली राहते, कायम माणसासाठीची आमच्या वर. वयाच्या तिशीत, घर आणि मूल यांचा विचार करण्याच्या वर्षांत, आम्ही या दोहोंच्या मधे असतो.

शनिवार, 27 सप्टेंबर

पाऊस थांबायला तयार नाही. आबांच्या गुडघ्याचं दुखणं वाढलं म्हणून त्यांना नगरला नेऊन आणलं. ते सत्तरी ओलांडलेले असल्यामुळे ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारतचं वर्षाला पाच लाखांचं संरक्षण उत्पन्न न बघता त्यांना आहे. त्यांचं कार्ड मीच काढून दिलं होतं. रुग्णालयाच्या खिडकीशी ते कार्ड पुढे करताना त्यांचा चेहरा निवांत होता, आणि मलाही बरं वाटलं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली आहे. 2012 मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून गरीब आणि मध्यम शिधापत्रिकांसाठी सुरू झाली होती. जुलै 2023 च्या निर्णयाने पांढरं रेशनकार्डही आत आलं, मर्यादा पाच लाखांवर गेली आणि उपचारांची यादी 1,356 ची झाली. पोस्टडॉकनेही आपलं नाव घरच्या रेशनकार्डावर आहे ना, हे बघून ठेवावं. पुण्यात राहणाऱ्या कितीतरी जणांना हे सुचत नाही. तरी या योजनेचा आधार भरती होण्यापुरता, यादीतल्या उपचाराला आणि यादीतल्या रुग्णालयातच. माझा इन्हेलर, छातीची तपासणी, रोजची औषधं तिच्यात बसत नाहीत.

मंगळवार, 30 सप्टेंबर

प्रयोगशाळेतल्या धाकट्या सहकाऱ्याचा फोन आला. त्याची बायकोही आमच्यासारखीच प्रोजेक्टवर आहे. दोघांना मूल हवं आहे आणि तिची नेमणूक मार्चमध्ये संपते. "ताई, काय करावं?" प्रसूती रजा केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे प्रोजेक्टवरच्या संशोधिकांनाही मिळते. पण रजेने बाळंतपणाचं बिल भागत नाही. वैयक्तिक पॉलिसीत प्रसूतीचा खर्च असलाच तर तो लागू व्हायला बहुधा दोन ते चार वर्षं थांबावं लागतं.

त्यांच्या संस्थेत गट विमा आहे. मी त्याला सांगितलं, मुदत संपायच्या आधीच कंपनीला लिही. गट विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि थांबण्याचे भरलेले महिने जमेला धरले जातात. कंपनीच बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या 45 दिवस आधी अर्ज करायचा. रुजू होताना संस्थेने हा कागद हातात द्यायला हवा. प्रयोगशाळेतल्या अग्निशामकाची जागा आम्हाला पहिल्याच दिवशी दाखवतात. हेही तितकंच निकडीचं आहे.

शुक्रवार, 3 ऑक्टोबर

रात्री मामेभावाशी बोलले. दादा कॅलिफोर्निया विद्यापीठात पोस्टडॉक आहे. अमेरिकेत जे-1 व्हिसावर येणाऱ्या संशोधकाला प्रत्येक आजाराला किंवा अपघाताला किमान 1,00,000 डॉलरचं विमा संरक्षण घ्यावंच लागतं, आणि त्यातला स्वतः सोसायचा भाग 500 डॉलरपेक्षा जास्त असून चालत नाही. त्याच्या विद्यापीठात पैसे प्रोजेक्टमधून येवोत, फेलोशिपमधून येवोत की बाहेरच्या संस्थेकडून थेट, पोस्टडॉकांची विमा योजना एकच आहे. तिथल्या पोस्टडॉकांनी संघटना बांधून 2010 मध्ये पहिला करार केला. 2022 च्या हिवाळ्यात त्या विद्यापीठातले सुमारे 48,000 संशोधक आणि शिक्षण साहाय्यक संपावर गेले, त्यात तेही होते. दादा म्हणाला, "कुणी आपणहून दिलं नाही, मागावं लागलं."

जर्मनीत करारावर नेमलेल्या संशोधकाच्या आरोग्य विम्याचा निम्मा भार विद्यापीठ उचलतं, आणि शिष्यवृत्तीवर गेलेल्याला स्वतःची सोय बघावी लागते. आमचं दुखणं तिथेही आहे तर.

रविवार, 5 ऑक्टोबर

उघडीप मिळाली म्हणून लाडमोडच्या टेकडीवर गेले. डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळिया, शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 ते 1956 मध्ये इथे उत्खनन केलं, अहवाल 1960 मध्ये आला. एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तिचा धागा तपासल्यावर त्यात रेशीम निघालं. तीन हजार वर्षांपूर्वी प्रवरेच्या काठी रेशीम होतं, हे कळायला खणणारे, साफ करणारे, सूक्ष्मदर्शकाखाली धागा बघणारे, असे अनेक हात लागले.

माझं कामही याच जातीचं. जुन्या वस्त्यांची माती पाण्यात कालवायची, वर तरंगलेले जळके दाणे वेचायचे, कोणतं पीक ते ओळखायचं. कोरडी माती चाळताना माझा दमा उठतो. एका जागेचे दाणे पुरते ओळखायला लागणारा काळ कुठल्याच नेमणुकीत मावत नाही. माणूस नेमणुकीमागून नेमणूक घेत तेच काम पुढे नेत असतो. काम सलग असेल, तर ते करणाऱ्याच्या छातीची काळजीही सलग घेतली पाहिजे.

सोमवार, 6 ऑक्टोबर

नव्या संस्थेला आज पत्र पाठवलं. तीन गोष्टी विचारल्या: पोस्टडॉकांना गट विमा पहिल्या दिवसापासून लागू होतो का, त्यात जोडीदार आणि आईवडील येतात का, आणि नेमणूक संपल्यावर तो स्वतःच्या नावाने पुढे चालवता येईल का.

दुसरं पत्र सहकाऱ्यांना. आपण सगळ्यांनी मिळून मागणी करू या. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांनी देशातल्या सर्व फेलोंसाठी एकच गट विमा घ्यावा. हप्ता प्रोजेक्टच्या मंजूर रकमेतच धरावा. विम्याचा क्रमांक संशोधकाच्या नावाने असावा, म्हणजे संस्था बदलली तरी तो बदलणार नाही. आणि दोन नेमणुकांच्या मधले सहा महिने त्यात धरलेले असावेत. फेलोशिपच्या आकड्यासाठी आपण एकत्र आलो तेव्हा आकडा वाढला. आता आजारपणाच्या ओळीसाठी एकत्र येऊ. मसुदा मी लिहिते. प्रत्येकाने आपल्या संस्थेत विमा आहे की नाही, एवढं या आठवड्यात कळवावं.