गुरू गेल्यावर काय उरते?

परदेशातून आलेल्या माणसांनी आपल्याला शिकवले, ही गोष्ट आपण ख्रिस्ती मंडळी कृतज्ञतेने सांगत आलो आहोत. इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले, आपली भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ सिद्ध झाले. घेण्याची ही सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. पण आपल्या किनाऱ्यावरच्या एखाद्या साध्या शिक्षिकेने परदेशी जाऊन तिथल्या शिक्षकांना शिकवावे, हा विचार मात्र आपल्याला अजून नवखा वाटतो.

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला. इथल्या एका निवृत्त शिक्षिकेला एका व्रतस्थ भगिनीमंडळाकडून विचारणा आली. आफ्रिकेतील झांबिया देशात वर्षभर राहून गावशाळांच्या शिक्षकांना अध्यापनाचे धडे द्यावेत, राहण्याजेवण्याची सोय होईल, पगार मिळणार नाही. बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “फादर, जीव ओढ घेतो आहे. पण मी तिथे जाऊन असे काय देणार? आणि इथे काय कमी काम आहे?”

त्या गावशाळांची कहाणी आपणही जाणून घ्यावी अशी आहे. १९९० च्या दशकात झांबियात सरकारी शाळा अपुऱ्या पडू लागल्या, फी गरिबाला परवडेना आणि एड्सच्या साथीने असंख्य मुले पोरकी केली. तेव्हा गावकऱ्यांनी आणि चर्चच्या मंडळींनी मिळेल त्या छपराखाली स्वतःच शाळा सुरू केल्या. २००२ साली सरकारने प्राथमिक शिक्षणाची फी रद्द केली, तरी या शाळा टिकून राहिल्या. कारण कित्येक वस्त्यांपासून सरकारी शाळा दूरच होती. शिकवणारे बहुधा गावातलेच तरुण-तरुणी. मानधन मिळाले तर मिळाले, प्रशिक्षण मात्र क्वचितच.

ही हकिगत मी पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत सांगितली, तेव्हा एक वडीलधारे सभासद चटकन म्हणाले, “घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! फादर, आपल्या कातकरी वाडीवरची पोरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात आणि शाळेला मुकतात. त्यांना कोण शिकवणार?” त्यांचे म्हणणे टाळण्यासारखे नव्हते. दूरच्या दुःखाचा कळवळा येणे सोपे असते. दाराशी असलेल्या दुःखाची मात्र आपल्याला सवय होऊन जाते.

या विचारात असताना मला एका परदेशी शिक्षिकेची पुनःपुन्हा आठवण झाली. आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांच्या अमेरिकन मिशनने पाठवलेल्या मिस सिंथिया फरार १८२७ च्या डिसेंबरात मुंबईला पोहोचल्या. वय ३२, अविवाहित. एकट्या स्त्रीने सातासमुद्रांपलीकडे सेवेला जावे, हे तेव्हा त्यांच्या देशातही अपूर्व होते. मिशनने १८२४ सालीच मुंबईत मुलींची शाळा काढली होती. त्या आणि तशा शाळांची देखरेख बाईंकडे आली. त्यांनी मराठी आत्मसात केली. शिकवायला स्त्रिया मिळत नव्हत्या, म्हणून त्यांना इथल्या पंतोजींना हाताशी धरूनच काम उभे करावे लागले. १८३९ साली त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेल्या आणि १८६२ साली तिथेच त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या मागे काय उरले? जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली आणि मुलींना शिकवण्याचा विचार त्यांच्या मनात दृढ झाला. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण अहमदनगरच्या फरारबाईंकडे आणि पुण्याच्या मिचेलबाईंकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आज सावित्रीबाईंचे नाव घरोघर आहे. फरारबाईंचे नाव अभ्यासकांखेरीज फारसे कोणाला ठाऊक नाही. मला यात खंत वाटत नाही. शिक्षकांच्या शिक्षकाला याहून मोठे यश ते कोणते? बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने प्रभूकडे बोट दाखवले आणि तो बाजूला झाला. प्रशिक्षकाचे प्रेषितकार्य याच जातीचे आहे.

याच मिशनने आपल्या कोकणपट्टीतही शाळा काढल्या आणि त्यांत बेने इस्रायल समाजातले शिक्षक नेमले. शाळा काढणारे परके होते. पण फळ्यापुढे उभा राहणारा माणूस इथलाच, इथली भाषा बोलणारा होता. बी बाहेरून आले तरी ते इथल्याच मातीत रुजावे लागते.

कोर्लईच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. १७४० साली पोर्तुगीजांनी चौल आणि कोर्लईचा किल्ला सोडला. त्यांच्या मागे रेवदंड्याच्या तटात चर्चच्या भिंती पडक्या झाल्या. श्रद्धा मात्र गावकऱ्यांनी जपली आणि पोर्तुगीजांच्या सहवासात घडलेली आपली वेगळी बोलीही जपली. घरी ती बोली आणि शाळेत मराठी, अशी तारेवरची कसरत तिथल्या मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी केली आहे. आमच्या बाईंनी अशा मुलांना शिकवले आहे. कोवळे पोर वर्गात मुके का बसते हे त्यांना कळते. म्हणून त्या मुलांकडूनच त्यांचे शब्द शिकल्या. थोरल्याला धाकट्याशेजारी बसवून अडलेले समजावून द्यायला लावले. शिंपले मोजून बेरीज घेतली. एका खोलीत तीन इयत्ता सांभाळल्या. झांबियातही मुलाच्या घरची भाषा आणि शाळेतली इंग्रजी यांत असेच अंतर असते.

तेव्हा मी बाईंना म्हणालो, “तुम्ही काय देणार, याची चिंता नको. तिथे भाषणे देऊ नका. त्या तरुण शिक्षकाच्या वर्गात मागच्या बाकावर बसा, त्याच्याबरोबर पाठ तयार करा, तो घेईल तेव्हा गप्प राहा. मात्र फरारबाईंना तीन तपांजवळ काळ लाभला. तुम्हांला एकच वर्ष आहे. म्हणून निघायच्या दिवसाचा विचार पहिल्याच दिवशी करा. आणि जे तिथे करायचे, ते आधी इथे करून दाखवा.”

ते त्यांनी मनावर घेतले. गेले चार महिने आमच्या धर्मग्रामातल्या दोन मुली कातकरी वाडीवर संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवताहेत. सुरुवातीला बाई शिकवत आणि मुली पाहत. आता मुली शिकवतात आणि बाई पाहतात. दिवाळीनंतर वर्ग भट्टीच्या जागी न्यायचा, असे त्या मुलींनी स्वतःहून ठरवले आहे. आक्षेप घेणारे ते वडीलधारे सभासद त्यांना सोबत करणार आहेत.

बाई जानेवारीत, तिथले शालेय वर्ष सुरू होताना, झांबियाला जातील. सध्या एका वहीत त्या टोंगा भाषेतले शब्द देवनागरीत उतरवून पाठ करताहेत. वाचकहो, आपल्या प्रार्थनेत त्यांची आठवण ठेवा. आणि वाडीवरच्या त्या दोन मुलींचीही, कारण उद्याचा वर्ग त्यांच्या हाती आहे.