टॅबवर वाजलेलं जातं



यंदा आमच्या शाळेत सहा आयपॅड आले. सातवीत मुलं अडतीस, म्हणजे एका टॅबवर सहा-सात डोकी. मी मराठी शिकवते. बहिणाबाई चौधरींची 'घरोट' टॅबवर घ्यायची ठरवली. घरोट म्हणजे खानदेशातलं जातं. 'बुक क्रिएटर' या ॲपमध्ये मुलांना कवितेचं पुस्तक करता येतं. पानावर ओळी लिहायच्या, चित्र काढायचं, आपला आवाज भरायचा.

पहिला तास वाया गेला, आणि चूक माझीच. आधी कविता ऐकवायची सोडून मी टॅब हातात दिले. मुलं अक्षरांचे रंग बदलत बसली. एका गटाने 'गॅरेजबँड'मधला ढोलाचा ठेका खाली लावला. मजा आली, पण शब्द एकही ऐकू येईना. जातं तर बहुतेकांनी पाहिलंच नव्हतं. "मिक्सरसारखं असतं का बाई?" एकीने विचारलं.

त्याच आठवड्यात गावात महाराज आले आणि आमच्याकडे चौका लागला. चौक्याला गिरणीचं पीठ सासूबाईंना चालत नाही. त्या पहाटेच शुद्ध कपडे नेसून जात्यावर बसल्या. माझी अंघोळ व्हायची होती, म्हणून दाराबाहेरूनच मोबाइलवर दोन मिनिटं ती घरघर भरून घेतली.

वर्गात ढोल काढून ती घरघर लावली. कुणी न सांगता मुलांचा आवाज खाली आला. खुंटा फिरून जवळ आला की ओळ संपवायची, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करताना त्या ओव्या म्हणत, त्या इतरांनी उतरवून घेतल्या, आणि पुस्तक निघालं ते त्या गेल्यावर, १९५२ साली. हे मी दरवर्षी सांगते. यंदा मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "म्हणजे ही कविता आधी कागदावर नव्हतीच?" वहीत कधी चार ओळी न लिहिणारा हा मुलगा, त्या दिवशी त्याने तीन वेळा आपला आवाज पुसून पुन्हा भरला.

घरी सासूबाईंना ते ऐकवलं. मोबाइल दिसला की तोंड फिरवणाऱ्या त्या, या वेळी शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरं फार घाई करतात गं. एवढं भराभर दळलं तर पीठ भरड पडतं."

सोमवारी पुन्हा भरायचं ठरलंय.